यफा किडनी देते म्हणते

३ जून १९७९, रवि.
साडेपाचची बस. येरुहामहून बेर-शेवाचं इस्पितळ, मग पाच तास रक्त धुणाऱ्या मशीनवर. रवि, मंगळ, गुरू. आठवड्याला एवढेच वार उरले. आज सुई दोनदा चुकली. शेजारच्या पलंगावरचा शिमोन, मोरोक्कोचा म्हातारा, नर्सला म्हणाला, "माझ्या हातात टोच, मला सवय आहे." पाणी दिवसाला दोन पेले. बाहेर वाळवंट नुसतं तापलंय.

७ जून, गुरू.
किडनी द्यायला रिबका तयार, पण तिचं रक्त माझ्याशी जुळलं नाही. बसमध्ये रुमाल तोंडाला लावून बसली. "एकोणतीस वर्षं संसार केला, आणि रक्त परकं?"
संध्याकाळी लोदहून यफा आली. एकुलती एक लेक. म्हणाली, "अनी नोतेनेत." मी देते. मी मराठीत नको म्हटलं, ती हिब्रूत भांडत राहिली.

१७ जून, रवि.
यफाचं जुळलं. डॉक्टर खूष. अजून थोड्या तपासण्या. रिबका रडली, मग चपात्या लाटायला बसली, बिनमिठाच्या.
मी हरखलो. पोटभर पाणी प्यायचं, तांबेच्या तांबे... दिवसभर तेवढंच डोळ्यांपुढे. लेकीच्या पोटावर सुरी चालणार, ते नाही. लिहायला लाज वाटते.

२४ जून, रवि.
डॉक्टरांनी आत बोलावलं. यफाला दिवस गेलेत. सात आठवडे. लग्नाला सहा वर्षं, दोनदा पडलेलं. किडनीचं आता बाळंतपणानंतर, तेही तेव्हा बघू, म्हणाले. रिबकानं तिला घट्ट धरलं.
मीही मुबारक म्हणालो. पण त्याआधी मनात आलं, आत्ताच कशाला? क्षणभरच. देवा, माफ कर. तिनं माझं तोंड पाहिलं असणार. कारण बसस्टॉपवर चक्क मराठीत बोलली, "पप्पा, तुम्ही सांगाल तसं करते."
"कशाचं?"
"समजलं तुम्हाला." हात पोटावर होता.
"वेडी आहेस का?" एवढंच म्हणालो. तेवढ्यात बस आली.

२७ जून, बुध.
यफाला दिवस गेले म्हणून एलियाहू हन्नाबीच्या नावानं आभाराचा मलिदा केला. गोड पोहे, नारळ, खजूर, केळी. मला सगळं बंद. रिबकानं चार पोहे हातावर ठेवले. यफा माझ्याकडे बघतच नव्हती. जावई खुशीत. तिचं बसस्टॉपवरचं बोलणं त्याला माहीत नसावं. मी सांगणार नाही.

६ जुलै, शुक्र.
शिमोन गेला. मंगळवारी होता, काल पलंगावर दुसराच माणूस. माझ्याहून तरुण. कुणाच्या जागेवर निजलाय हे त्याला कुणी सांगितलं नाही, मीही नाही.
माझ्या हातातली, मशीनची सुई टोचतात ती शीर बंद पडत चाललीय. आता दुसऱ्या हातावर ऑपरेशन. डॉक्टरांना विचारलं, मशीनवर वर्ष-दीड वर्ष निघेल? म्हणाले, "कित्येकांचं निघतं." कित्येकांचं.
यफा चार दिवस आमच्याकडेच. सकाळी ती मोरीत ओकत होती, मी खाटेवर, पाय सुजलेले. रिबका मधे दारात उभी, "दोघांना खायला काय करू?"
यफानं मोरीतूनच विचारलं, "पप्पा, तुम्ही रागावलात?"
नाही म्हणालो. तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. नळ चालू होता.