बारा फुटी घडाला माझा ठाम विरोध

५ एप्रिल, रविवार. सकाळ.
मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. घोळक्यात शिरलं की शंभरातली पंच्याण्णव माणसं स्वतःचं डोकं बाजूला ठेवतात, चार जण करतील तेच करतात. उरलेली पाच स्वतंत्र विचारांची. मी कोणात बसतो ते लगेच ओळखलं. बायकोला, दिपमालाला, सांगितलं. तिने विचारलं, हा व्हिडिओ आला कुठून? कॉलनीच्या ग्रुपवरून. सगळ्यांनी 'अप्रतिम' लिहिलं होतं म्हणून मीही लिहिलं. पण विचार करून.
संकल्प: आजपासून प्रत्येक बाबतीत स्वतःचं मत. तेही मोठ्याने.

७ एप्रिल, मंगळवार.
संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर नेहमीचे बसलो होतो. अभयशेठ केळी खात होते. यांचं साड्यांचं दुकान आणि हेच आमच्या कॉलनीचे चेअरमन. खाता खाता म्हणाले, आपल्या गेटवर केळीचा एक मोठ्ठा घड उभारू या, सिमेंटचा. रिक्षावाल्याला पत्ता सांगायला बरं. गनीभाई वेल्डिंगवाले म्हणाले, वा. सुपडूनाना एसटीत कंडक्टर होते, मूळचे धुळ्याकडचे. त्यांनी मान हलवली. मीही 'वा! वा!' म्हणालो, पण उपरोधाने. कोणाला कळला नाही. त्याला मी काय करणार?
घरी आल्यावर दिपमालाने लक्षात आणून दिलं की गेटला लागून आपलीच खिडकी आहे, आणि घरात वारा येतो तो तिथूनच. जळगावचा उन्हाळा, म्हणाली, विचार करा.
विचार केला. ठाम विरोध.

९ एप्रिल, गुरुवार.
जनमत घेतलं. गनीभाई हळूच म्हणाले, झोपे सर, खरं सांगू? मला अजिबात पसंत नाही, पण सगळ्यांना आवडलंय. नाना म्हणाले, "माले बी नही आवडनं भो. पन बठ्ठा हा म्हनतस, मंग मी काय करू?"
म्हणजे बहुमत माझ्या खिशात. रविवारच्या मीटिंगमध्ये उठायचं आणि बोलायचं. भाषण तयार आहे. सुरुवात: 'मित्रहो, मेंढरं होऊ नका.' आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा मलाच भीती वाटली.

१२ एप्रिल, रविवार.
मीटिंग झाली. आधी हे नोंदवून ठेवतो की माझा विरोध कायम आहे.
अभयशेठनी विचारलं, कोणाची हरकत? मी अर्धा उठलो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरे इतके गंभीर की वाटलं, लोकांना अजून थोडा वेळ द्यावा. खुर्ची सरकवल्यासारखं करून बसलो. मग ते म्हणाले, मान्य असेल त्यांनी हात वर करा. गनीभाईंनी नानांकडे पाहिलं, नानांनी माझ्याकडे, मी गनीभाईंकडे. तेवढ्यात सगळे हात वर. माझाही. मी हात वर केला असं म्हणता येणार नाही. तो गेला.
शेजारी दिपमाला पेपरने वारा घेत होती. तिने हात वर केला नाही. बायकांचं कोणी मोजत नव्हतं म्हणून बरं.
अभयशेठ म्हणाले, सर मघाशी काही बोलणार होते. मी म्हणालो, चांगलं काम आहे, लवकर व्हावं. टाळ्या. मला शिल्प समितीचा अध्यक्ष केलं, तेही एकमताने.
एका अर्थी उत्तम झालं. विरोध आत राहूनच जास्त चांगला करता येतो.

१८ एप्रिल, शनिवार. धुळे.
अभयशेठच्या गाडीतून चौघं मूर्तिकाराकडे. माझा डाव असा, की घड दोन फुटांचा करून घ्यायचा. गेटच्या खांबावर ठेवला की विषय संपला, खिडकी मोकळी.
मूर्तिकार स्वप्नील. त्याने विचारलं, उंची किती? अभयशेठ जरा चाचरत म्हणाले, पाच फूट? गनीभाई म्हणाले, पाचचा तर अननस वाटेल, सात करा. नाना म्हणाले, "सात करतस तं नऊ करा ना भो." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. समितीचा अध्यक्ष.
मी म्हणालो, बारा.
अभयशेठनी पाठीवर थाप मारली. परतीच्या वाटेवर विचार करत होतो. तिघं पाच, सात, नऊ म्हणत असताना बारा म्हणायला छाती लागते. हेच ते स्वतंत्र मत.
रस्त्यात जेवायला थांबलो. मला डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. तिघांनी शेवभाजी मागवली, झणझणीत. चौथी माझी.

१९ एप्रिल, रविवार.
पोट. जास्त लिहीत नाही.

२६ एप्रिल, रविवार.
घड आला. ट्रकमधून उतरवताना अख्खी कॉलनी बाहेर. गनीभाईंनी सांगाडा पक्का केला, खाली काँक्रीट ओतलं. आता आमच्या खिडकीतून केळ्यांची टोकं दिसतात, बाकी काही दिसत नाही. वारा बंद. दिपमालाने गादी मागच्या खोलीत नेली. मी इथेच झोपणार. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२७ एप्रिल, सोमवार.
मागची खोली वाईट नाही.

३० एप्रिल, गुरुवार.
ग्रुपवर मेसेज: उद्घाटनाला सर्व पुरुषांनी पिवळा झब्बा घालावा. हद्द झाली. मी पांढरा घालणार. बघू कोण काय बोलतं.

३ मे, रविवार.
पिवळा घातला. पांढऱ्याचं बटण तुटलेलं निघालं.
फीत कापली, पेढे वाटले. दिपमाला तिच्या नेहमीच्या निळ्या साडीत. पेढा खाता खाता तिने सहज विचारलं, "अभयभाऊ, तुम्हाला हे एवढं का आवडलं हो?"
अभयशेठनी इकडेतिकडे पाहिलं. म्हणाले, "वहिनी, मी त्या दिवशी गंमत केली होती. हातात केळं होतं, बोलून गेलो. सगळे वा म्हणाले. सर तर दोनदा म्हणाले. मग मागे कसा फिरू?"
गनीभाई म्हणाले, मला तर पहिल्यापासून आवडलेला नाही. नाना म्हणाले, "माले बी नही." मग एकेक करत सगळेच बोलले. कोणालाच नको होता! काय मोकळं वाटलं. मीही सांगून टाकलं की माझा पहिल्या दिवसापासून ठाम विरोध आहे. दिपमालाला पेढ्याचा ठसका लागला.
पाणी पिऊन ती म्हणाली, मग काढून टाका ना. काढायचा असेल त्यांनी आत्ताच हात वर करा.
मी हात उचलला, बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस आहे मी. कानापर्यंत आल्यावर पाहिलं, अजून कोणाचाच पुरता वर गेला नव्हता. कान खाजवला. गनीभाईंनी मान खाजवली. नानांनी टोपी नीट केली. अभयशेठनी घाम पुसला. सरळ वर असा एकच हात होता, निळ्या बाहीचा.
अभयशेठ म्हणाले, एकच मत, प्रस्ताव नामंजूर. सगळ्यांना हायसं वाटलेलं दिसलं. मग दुसरा पेढा घेतला.

४ मे, सोमवार. दुपार.
दिपमाला सकाळच्या बसने चोपड्याला माहेरी गेली. म्हणाली, तिकडे खिडक्या उघडतात. पाऊस पडला की येईन. चलता का, असंही विचारलं. मी म्हणालो, कॉलनीतलं कोणी बाहेरगावी जात नाहीये, मीच कसा जाऊ?
घरात बसवत नाही. अंग भाजल्यासारखं होतंय. ग्रुपवर विचारलं, आज फार उकडतंय का? तासभर वाट पाहिली. कोणीच काही लिहिलं नाही.
म्हणजे उकडत नसावं. पंखा बंद केला.