पोरकी घोडी आणि काळी खिडकी

चि. खटपट्यास मावशीचे भरभरून आशीर्वाद.

आम्ही दोघे ठीक. तुझ्या काकांचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड सुरळीत चालतं, तेव्हा काळजी नसावी. तू जेवतोस का, हे फोनवर विचारलं की ‘हो मावशी, हो मावशी’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून लेखी विचारते.

पत्राला तसं कारण काही नाही. (आहे, पण ते नंतर.) माझ्या घोड्यांच्या गेमची नवी आवृत्ती आली आणि सगळे मॉड, म्हणजे लोकांनी घरी बनवून गेमला जोडलेले तुकडे, अपडेट करणं भाग पडलं, नाहीतर तू बनवून दिलेली माझी घोडी त्यात चालेना. लोक हे काम एक बटण दाबून करतात. पण ‘ते नवशिक्यांचं’ म्हणत तू मला ती काळी खिडकी शिकवून गेलास, जिच्यात हुकूम टाइप करावा लागतो. केला बाबा टाइप. तिनं धडाधड ओळी ओतल्या आणि शेवटी विचारलं, हा मॉड ऑर्फन आहे, काढून टाकू का? नाव बघते तर माझीच घोडी. शब्दकोश उघडला. ऑर्फन म्हणजे पोरकं.

आता हा शब्द आपल्या घरात चालत नाही. तू लहानपणी आमच्याकडे राहायला आलास तेव्हा समोरचीनं तो तुझ्याबद्दल वापरला होता, तिच्याशी मी अजून बोलत नाही. मी सरळ ‘नाही’ असं लिहिलं, मराठीत. खिडकीनं पुन्हा तेच विचारलं. मग मी सविस्तर लिहिलं, की घोडी माझ्या भाच्यानं केलेली आहे, तो हयात आहे, चांगला कमावता आहे. पुन्हा तेच! तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून मी उठले, आणि तुझे काका (लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला, यंत्राला ताटकळत ठेवणं त्यांना बघवत नाही) ‘केव्हाचं विचारतंय बिचारं’ म्हणत ‘हो’चा वाय दाबून मोकळे झाले.

घोडी गेली, खोगीर राहिलं. रविवारी दातांच्या दवाखान्यात माझ्याबरोबर कामाला असणाऱ्या बायकांशी गेममध्ये शर्यत होती, त्यात मी हवेत तरंगणाऱ्या खोगिरावर बसून धावले आणि शेवटची आले. सोमवारी काउंटरवर डॉक्टरीणबाईसुद्धा तोंड दाबून हसत होत्या. मला खरंच रडू आलं, पण शर्यतीसाठी नाही.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाली म्हणाली, ज्याचा कर्ता बरेच दिवस तिकडे फिरकत नाही, त्या मॉडला पोरका म्हणतात. म्हणजे दोष घोडीचा नाही. समजणाऱ्याला इशारा पुरे.

तुझी,
खोगिरावरची मावशी

ता. क. : घोडी तूच येऊन दुरुस्त कर. हे काम फोनवर होण्यातलं नाही, मी चौकशी केली आहे.

ता. क. पुन्हा : काका म्हणतात, खोटं लिहू नकोस. बरं. पोरका मॉड दत्तक घेता येतो म्हणे. दुरुस्तीवालीनं कालच घोडी परत बसवून कर्त्याच्या जागी माझं नाव घातलं, आणि घोडी आता छान पळते. तेव्हा तिच्यासाठी यायची काही गरज उरलेली नाही.

तरी ये.