बंपरला ओरखडा नाही

४ फेब्रुवारी

गाड्या धुण्याचं हे केंद्र मला कितीला पडलं, त्याचा हिशेब आज एकदाचा मांडून टाकतो. खरेदीखतावरचा आकडा सोडा, तो वकिलांच्या समाधानासाठी असतो. खरी किंमत अशी: माझा टेम्पो, बायकोच्या गळ्यातली साखळी आणि धाकट्या भावाचं बोलणं. टेम्पो विकला, साखळी मोडली. भावाने तर, साठीला टेकल्यावर नव्या गावात धंदा म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं सुनावून फोन ठेवला तो ठेवलाच.

पण जागा अशी, की भावाने पाहिली असती तर माझ्याआधी त्यानेच घेतली असती. वसाहतीत शिरायला रस्ता एकच आणि मी त्याच्या तोंडाशी. जवळजवळ प्रत्येक दारात एकाच कंपनीची तीच उंच गाडी, कारण कंपनीची कचेरी जवळ आहे आणि नोकरदारांना सवलत मिळते. बोनेट माझ्या छातीला लागतं. आत बसलं की गच्चीत बसून गाडी हाकल्यासारखं वाटतं, फक्त दोन पावलांवरचं काही दिसत नाही. ते म्हणे गाडी स्वतः बघते. समोर काही आलं की टुंग वाजवते, आणि माणसाने ऐकलं नाहीच तर स्वतः ब्रेक लावते.

जुन्या मालकाचा एक धुणारा मला आंदण मिळालाय. सगळे त्याला फवारा म्हणतात. त्याला आल्या आल्या सांगून ठेवलं: मी शाळा कमी शिकलो, पण माझे कान पदवीधर आहेत. गाडी फाटकात यायच्या आत तिचं दुखणं सांगतो. चाकाखाली खडा चिरडला तरी मला कळतं. फवारा म्हणाला, मग शेठ, माझ्या पुटपुटलेल्या शिव्याही पोचत असतील. माणूस कामाचा दिसतोय.

९ फेब्रुवारी

घर लागलं. गल्लीच्या टोकाला, दोन खोल्या आणि पुढे पायरी. आमच्या हायकमांडला, म्हणजे बायकोला, घरापेक्षा गल्लीतली मांजरं आवडली. दुपारी उरलंसुरलं वाडग्यात घेऊन ही रस्त्याच्या कडेला उकिडवी बसते आणि तिच्याभोवती सभा भरते. अध्यक्षस्थानी एक फाटक्या कानाचा तांबूस बोका. रोज ठरल्यासारखा गस्तीला येतो म्हणून त्याचं नाव तिने इन्स्पेक्टर ठेवलंय. तिचं म्हणणं, शेजारणींपेक्षा ही मंडळी बरी, उसनी साखर तरी मागत नाहीत.

केंद्रावर मी नवी पाटी लावली: बसा, चहा घ्या, वायफाय फुकट. गिऱ्हाईक दुप्पट झालं.

१७ फेब्रुवारी

आमच्या समोरच्या बंगल्यातले साहेब गाडी घेऊन आले. ते त्याच कंपनीत मोठ्या जागेवर आहेत. गाडी धुवून होईपर्यंत चहा घेत बोलत बसले. म्हणाले, गाड्या विकल्या की काम संपतं असं तुम्हा लोकांना वाटतं, आमचं तर तिथून सुरू होतं. विकलेल्या गाडीलाही अपडेट पाठवून रोज शहाणं करता येतं, ना गॅरेज ना पाना.

परवाच एक गेलंय म्हणे. लोकांची तक्रार होती की गाडी भित्री आहे, पिशवी उडाली की ब्रेक, मांजर दिसलं की ब्रेक, अंगावर कॉफी. आता बुटकं आणि मऊ काही असेल तर गाडी मनावर घेत नाही. टाळता येत नसेल तर बंपरवर न घेता डाव्या चाकाखाली घेते. बंपरमध्ये नाजूक यंत्रं असतात, बदलायचा म्हटला तर कंपनीचा जीव जातो. चाक काय, रबर.

मी विचारलं, मऊ म्हणजे? ते हसले. किडामुंगी हो.

मुलगी शाळेत पहिली आल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

२० फेब्रुवारी

किडामुंगी नाही.

आज आलेल्या गाड्यांचे बंपर आरशासारखे, कुठे ओरखडा नाही. डाव्या चाकाच्या कमानीत मात्र लगदा. आधी वाटलं चिखल. फवाऱ्याने पाण्याचा झोत मारला तर तो सुटेना, ताणला जाऊ लागला. शेवटी पेचकसाने खरवडला. त्यात बेडूक होते, घुशी होत्या, एका पक्ष्याचा पंख होता, आणि पिवळी चरबी, थंडीत गोठलेल्या तुपासारखी. जे सायलेन्सरवर उडालं होतं ते भाजून चिकटलेलं. जळक्या केसांचा वास दिवसभर घशात बसला. गटाराची जाळी तुंबली, ती मी हाताने मोकळी केली.

गिऱ्हाईकं वर ओट्यावर बसून चहा पीत होती. एकाने बिस्किट मागितलं.

२५ फेब्रुवारी

दुपारी फाटकात उभा होतो. रस्त्यावरून आवाज आला, ओलं पोतं ओट्यावर टाकावं तसा. धप्प. वसाहतीतल्या डॉक्टरीणबाई गाडी वळवून आत आल्या, हसतमुख. मी विचारलं, काय लागलं हो? त्या म्हणाल्या, कुठे काय? मी म्हटलं, एवढा आवाज झाला. त्यांनी कौतुकाने सांगितलं, नव्या अपडेटने केबिन इतकी शांत झालीय की बाहेरचं काही म्हणजे काही आत येत नाही. दणका बसला की गाडीतले स्पीकर त्याच्या उलटा आवाज काढतात आणि दोन्ही एकमेकांना गिळतात. शिवाय गाडी स्वतःच अंग जरा उचलून घेते, म्हणजे पोटातलं पाणी हलत नाही.

डावं चाक मी स्वतः धुतलं. तांबूस केस. एक कान सबंध सापडला. सबंध म्हणजे, आधीच फाटका होता तो.

घरी सांगितलं की इन्स्पेक्टरची बदली झाली असेल, मागच्या गल्लीत संसार थाटला असेल. ही हसली.

१ मार्च

गल्लीत आता दोनच मांजरं. ही दुपारी वाडगं घेऊन त्यांना हुडकत फिरते. उभ्या गाड्यांपुढे उकिडवी बसून खाली डोकावते. मी म्हटलं, रस्त्यात बसू नकोस. का म्हणाली. मी म्हटलं, रहदारी. गल्लीत कसली आलीय रहदारी, म्हणाली, आणि वर विचारलं की माझ्या हातांना कसला वास येतो.

लिंबू चोळलं, राख चोळली, रॉकेल चोळलं. जेवताना घास नाकाशी आला की ताट सरकवून उठतो.

४ मार्च

वायफाय एवढं जातं कुठे म्हणून साहेबांना विचारलं. ते म्हणाले, गाड्या पितात. तुमच्याकडे तासभर निवांत उभ्या असतात ना, तेवढ्यात अपडेट उतरतं. अर्धी वसाहत तुमच्याच कृपेने शहाणी झालीय.

पाठीवर थापही मारली.

मी खाली चाकं खरवडत होतो, आणि वर माझीच पाटी—

वायर उपटली. पाटी फोडली. साहेबांचा निरोप आला, काळजी नको, गाडीत सिमकार्ड असतंच.

७ मार्च

कुत्रा. मोठा. गळ्यात पट्टा, पट्ट्यावर कुणाचा तरी फोन नंबर. बंपर स्वच्छ.

फवारा काम सोडून गेला. म्हणाला, शेठ, मी गाड्या धुवायला आलो होतो, मुडदे धुवायला नाही. हिशेबही घेतला नाही. त्या नंबरावर फोन मीच लावला. पलीकडे एक म्हातारा होता. मी फोन ठेवून दिला.

१० मार्च

बँकेतल्या गृहस्थांची गाडी. चाकामागे कापड. निळं, फुलांचं, बटण लावलेली बाही. बाहीत—

ते म्हणाले, घर ते बँक, बँक ते घर, मध्ये कुठे खट्टही झालं नाही. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच काही ऐकू आलं नव्हतं.

बाही पिशवीत घालून पोलीस चौकीवर गेलो. दारात अंमलदाराची गाडी उभी. तीच कंपनी. तेच डावं चाक, काळपट, माशा घोंघावताहेत. अंमलदार आतून आला, चाकाशेजारून गेला, नाकाला रुमालही लावला नाही. पिशवी टेबलावर ठेवली. त्याने गाठ सोडली नाही. गुरांचा अपघात, असं लिहून घेतो म्हणाला.

कंपनीला फोन केला. पोरगी गोड बोलली. अपडेटनंतर बंपरची एकही तक्रार नाही, सर.

रस्त्याच्या कडेला ओकलो.

१२ मार्च

साहेब दौऱ्यावर गेले. गाडी धुवायला टाकून गेले, उद्या बंगल्यापुढे लावून ठेवा म्हणाले. नको म्हणायच्या आत टॅक्सीत बसलेदेखील.

शटर ओढताना पाहिलं. गाडीच्या पडद्यावर अपडेटची हिरवी पट्टी सरकत होती. वायर तर मी उपटलीय.

ही गाडी माझ्या आवारात नको. उद्या पहिलं काम हेच. आणि घरी हिला खरं सांगायचं. इन्स्पेक्टरपासून सगळं. उद्या नक्की.

१३ मार्च

सकाळी जमलं नाही. गिऱ्हाईक नको म्हणून फाटक लावलं, तरी बाहेर हॉर्न वाजवत उभे. दुपारी निघालो.

गाडी स्वतःहून करते त्या सगळ्या मदती पडद्यावरून बंद केल्या. एकेक. दोनदा बघितलं. चालण्याच्या वेगाने आणली. रेडिओ बंद. पाय ब्रेकवरच.

साहेबांच्या फाटकापाशी गाडी हलकेच उचलली गेली, होडीसारखी, आणि खाली आली. गटारावरचं झाकण असेल. लावली. किल्ली काढताना पडद्यावर ओळ: आपल्या सोयीसाठी सर्व मदती पुन्हा चालू केल्या आहेत.

घर उघडं. ही नाही. चप्पल नाही. वाडगं नाही.

हाक मारली. मागे जाऊन बघितलं. पुन्हा हाक.

पायरीवर बसलोय. हाताला काहीतरी पाहिजे म्हणून लिहितोय. समोर गाडी. बंपर चकाचक, मीच पुसलाय. तिथे गटार नाही. झाकण नाही. सपाट रस्ता. वाडगं चाकाच्या अलीकडे पालथं, एक मांजर येऊन ते— ते चाकाखालचं—

उठायला पाहिजे. डाव्या बाजूला जाऊन—

काचा बंद होत्या. जीव सगळा कानात होता. मला काहीच ऐकू आलं नाही