न केलेली चाचणी

९ जून, शुक्रवार
गेलं. सगळं गेलं! सकाळी क्लाउडवाल्यांच्या एका केंद्रात आग लागली. वरंगलच्या रक्तकेंद्राच्या नोंदी आम्ही सांभाळतो, त्यांची डिस्क तिथेच. दुसरी प्रत? तीही त्याच केंद्रात — मीच ठेवलेली. रोजचा बॅकअप दुसऱ्या शहरात जातो म्हणून निर्धास्त होते. उघडला तर शेवटचा चार फेब्रुवारीचा. पुढच्या सगळ्या फायली रिकाम्या!

वेणुगोपाल गारू, आमचे साहेब, म्हणाले, "हैमवती अम्मा, बॅकअप दर महिन्याला परत उतरवून बघायचं ठरलं होतं ना?"

"हो, बघितलं जायचं," म्हटलं. कोणी, ते नाही सांगितलं.

१० जून
इथे तरी खरं लिहावं. ती चाचणी माझी. अर्धा दिवस मोडतो, म्हणून न करताच 'ठीक' लिहायचे — टीमच्या नावावर. झान्सी, माझ्या हाताखालची, कंत्राटावरची, संक्रांतीनंतर म्हणाली होती, "अक्का, एक प्रत तरी दुसऱ्या केंद्रात ठेवू या. आणि उतरवून, चालवून बघितल्याशिवाय बॅकअपवर भरवसा नको." मी हसले होते. "आधी कायम हो, मग शिकव."

१२ जून, सोमवार
वरंगलला गेले. थॅलेसेमियाची मुलं, दर तीन आठवड्यांनी रक्त. कोणाला कुठलं सोसत नाही, ते कागदावर लिहिणं दोन वर्षांपूर्वीच बंद झालेलं. नर्स कोटम्मा पिशव्यांच्या जुन्या चिठ्ठ्या चाळत होत्या. सहा वर्षांची एक मुलगी आईच्या मांडीवर, पांढरीफटक. एप्रिलमध्ये रक्त चढवताना तिला त्रास झाला होता. कशानं, ते गेलेल्या नोंदींत! पुन्हा सगळ्या तपासण्या, उद्यापर्यंत थांबा.

आई मला म्हणाली, "कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलात ना? देव तुमचं भलं करो." पुलिहोराचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा पुढे केला. दोन घास खाल्ले — नको म्हणायला तोंड कुठे होतं?

१३ जून, मंगळवार
मुलीला दुपारी रक्त मिळालं. सुटले, असं वाटलं. वाटल्याची लाज वाटली.

झान्सीला काढलं. साहेब म्हणाले, "चाचणी तिच्याकडेच असणार." मी तिथेच बसले होते.

१४ जून
आजही गप्प.

१५ जून, गुरुवार
बोलले! सगळ्यांसमोर. "चाचणी माझी होती. फेब्रुवारीपासून एकदाही केली नाही. झान्सीनं बजावलं होतं." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "आणि दोन दिवस काय करत होतीस?"

मला घरी बसवलंय. झान्सीला परत बोलावणार आहेत.

१६ जून
झान्सीचा फोन. मी माफी मागायच्या आतच म्हणाली, "'ठीक' कोणी लिहिलं ते सिस्टिममध्ये दिसतं, अक्का. मी शुक्रवारीच बघितलं होतं. साहेबांना दाखवलं नाही, वाटलं तुम्हीच सांगाल. मंगळवारी सामान भरतानाही वाट बघत होते."