अकरा पानं वाचून घ्या

आबा, जय भीम.

फोनवर यंत्रमागांच्या खडखडाटात तुम्हाला काय ऐकू येत न्हाय, म्हणून हे पत्र. मी बरी हाय. खोकला कसा हाय? खरं सांगा.

इथल्या मेडिकल कॉलेजनं मला संशोधनाचं शिक्षण दिलं. आता डॉक्टरांच्या अभ्यासांचे संमतीचे फॉर्म तपासायचं काम माझ्याकडं हाय.

तुम्हाला सही येत असून, काही न सांगता अंगठा घेऊन छाती तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला लावणारा डॉक्टर आठवतोय? त्याच्या नव्या अभ्यासाचा फॉर्म मी अट घालून परत धाडला. आता एकेका कामगाराला अकराच्या अकरा पानं त्यानं स्वतः वाचून दाखवायची.

सोमवारी तो कबनूरला येतोय. माग बंद करू नका. वाचून झालं की म्हणायचं, "ऐकू आलं न्हाय, परत वाचा की."

तिसऱ्यांदा वाचल्यावर पटलं, तरच सही करा. अंगठा न्हाय.

तुमची लेक,
श्रुती