‘आम्ही’ म्हणजे कोण

ब्रॅकनेल (इंग्लंड), ६ नोव्हेंबर

प्रिय सुखदेव यास हरिदासचा सप्रेम जयभीम.

तुझी साखर, सिंधुवहिनींचे गुडघे आणि आपल्या ‘टाचणी’चं छपाई मशीन, तिघांची तब्येत कळव. मी इथे मुलाकडे मजेत आहे. विक्रांत आणि सूनबाई रचना कामावर जातात, मी नात सियाला शाळेतून आणतो आणि वाटेत तळ्यावरची बदकं बघतो. परत यायचा विचार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझ्यावर कोर्टाच्या अवमानाची नोटीस निघाल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं. ‘कोर्टाच्या भिंतीवरचं घड्याळ आणि आतले खटले एकाच वर्षी बंद पडले’ हे वाक्य आपल्या अग्रलेखात आलं, दुसऱ्या दिवशी चार मोठ्या दैनिकांनी ते जसंच्या तसं उचललं (आपलं नाव वगळून), आणि नोटीस मात्र दीड हजार खपाच्या आपल्या साप्ताहिकाला. विनोद ते घेऊन गेले, गुन्हा आपल्याकडे राहिला. (चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर तू संन्यासी कधीच नव्हतास, वहिनींना विचार.) खरं सांगू, मला काळजीच्या आधी तुझा हेवा वाटला.

म्हणून मी इथलं कोर्ट बघायला गेलो. इथे कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतं. (रचनाला लायब्ररीत जातो म्हणून सांगितलं.) भिंतीवर घड्याळ होतं आणि ते चक्क चालत होतं. तुला दाखवावं म्हणून मोबाइलवर फोटो काढला, तोच काळ्या गाऊनमधल्या एक बाई लगबगीने आल्या. इथे कोर्टात फोटो काढणं हा गुन्हा आहे. दारावर तशी ठळक पाटी आहे, पण तू प्रुफं तपासतोस तशी मी ती, म्हणजे न वाचताच, मागे टाकली होती. मी उठून ताठ उभा राहिलो. बत्तीस वर्षं पत्रकारिता केल्यावर अखेर माझ्या हातून अवमान घडला होता, तोही पुराव्यासकट. बाईंनी फोटो पुसायला लावला, “नेव्हर माइंड, माय लव्ह” म्हणाल्या आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या. इथेही मला कुणी पकडेना. दारात त्यांनी विचारलं, “आर यू विथ एनीवन?” नो म्हणालो आणि मफलर कानापर्यंत ओढून घेतला. (थंडी फार आहे.)

बसमध्ये वहिनींनी सांगितलेलं तुझं उत्तरच आठवत राहिलं. पहिल्या सुनावणीत न्यायाधीशांनी विचारलं, अग्रलेखातले हे ‘आम्ही’ कोण? आणि तू म्हणालास, आम्ही म्हणजे मी एकटाच. संपादक स्वतःला आम्ही म्हणतात हे जगजाहीर आहे, पण आपलं ‘आम्ही’ खरोखरच दोघांचं होतं ना रे? मला वाचवायला म्हणालास, तेही कळतं. तरी बत्तीस वर्षांतून मला एका ओळीत काढून टाकलंस, ते लागलं. मला तुझी फार आठवण येते, सुखदेव. इथे सगळे चांगलं वागतात, पण समोर बसून माझ्या वाक्यावर काट मारणारं कुणी नाही.

सियाची मराठी ऐकशील तर तुझं प्रुफं तपासणं बरं म्हणशील. परवा म्हणाली, “आजोबा, आम्ही पार्कला जाऊ या.” मी शिकवलं, मला धरून असेल तर ‘आपण’, मला वगळून असेल तर ‘आम्ही’. तिने विचार केला आणि म्हणाली, “पण माझा ‘आम्ही’मध्ये तुम्ही आहे.” मी दुरुस्त केलं नाही.

वहिनींना जयभीम सांग आणि गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
हरिदास

ता. क. : वीस तारखेला कोर्टात प्रतिज्ञापत्र देशील, त्यात एक दुरुस्ती कर. घड्याळाचं वाक्य हरिदासने फोनवरून सांगितलं (साक्षीला बदकं आहेत) आणि ‘आम्ही’ म्हणजे दोघे. वकील म्हणतील, हा आपणहून कशाला अडकतोय? त्यांना सियाचं व्याकरण सांग.

ता. क. २ : विक्रांतला अजून बोललो नाही, पण तिकीट काढलं आहे. अठराला पोहोचतो. कोर्टाबाहेरच्या बाकावर तुझ्या डावीकडची जागा धरून ठेव. मला आता उजव्याच कानाने ऐकू येतं.