काजळीवरची लाथ

४ फेब्रुवारी

चि. ठमीस, अ. आ.

डॉक्टरीणबाई, तुमची आई पास झाली बरं का! काजळी काल दुपारी कपाटावरून पडली. श्वास पोटातून ओढत होती, हिरड्या पांढऱ्याफटक. तू मांजरांचं सांगायचीस तसंच केलं. पोट दाबून पाहिलं नाही. अलगद इस्त्रीच्या फळीवर सरकवलं, वर सैल टॉवेल टाकला. शेजारीण पाणी पाजा म्हणत होती, तिला दटावलं. फळी मांडीवर घेऊन टॅक्सीने इथल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. फासळ्या मोडल्यात, छातीखालचा पडदा फाटलाय म्हणाले. ऑपरेशन झालंय, पण खात्री देत नाहीत.

धाकट्याला अजून काम नाही. चिडचिड करतो, पण तुझा भाऊ मनाने वाईट नाही गं. धावपळीत मीही टेबलावर आपटले. डावा खांदा ठणकतोय, आणि तिथे साधं खरचटलेलंही नाही, गंमतच! जेवण जात नाही, उठलं की गरगरतं. म्हातारपणाचे चोचले, दुसरं काय.

तुझी आई

६ फेब्रुवारी

ती. आईस, शि. सा. न.

हे पत्र आणणाऱ्या ड्रायव्हरकाकांच्या गाडीत आधी बस, मग पुढचं वाच. मी फोन केला होता. धाकट्याने उचलला आणि तू झोपलीयस म्हणाला.

काजळीसाठी तू केलंस त्याहून जास्त मलाही करता आलं नसतं. पण आई, उंचावरून मांजर पायांवर पडतं. हनुवटी फुटते, नखं चिरतात. तिथल्या डॉक्टरांना विचारलं, तर नखं शाबूत आहेत आणि फासळ्या एकाच बाजूच्या मोडल्यात. ती लाथ आहे. अशी मांजरं माझ्याकडे येतात, आणि आणणारी बाई पुष्कळदा स्वतःची कूस धरून उभी असते.

लागलं नसताना खांदा ठणकतो, तेव्हा पोटात रक्त साचलेलं असू शकतं. आता मांजराचे नियम तुला: काही खाऊपिऊ नकोस, पोट चोळू नकोस, आडवी राहा. मी थेट हॉस्पिटलात पोचते. रागव हवं तर, पण जिवंत राहून रागव.

तुझी ठमी

१९ फेब्रुवारी

चि. ठमीस, अ. आ.

पोटातली फुटलेली प्लीहा काढल्याची जखम भरतेय. काजळी म्हणे कंपाउंडरला ओरबाडते, म्हणजे सुधारली. तू इथे होतीस तेव्हा माझं तोंड उघडलं नाही, म्हणून लिहिते.

भाजी आळणी झाली म्हणून धाकट्याने ताट भिरकावलं. काजळी पायात आली. पहिल्या लाथेला ती भिंतीवर आदळली. ओल्या कपड्याचा पिळा आपटावा तसा आवाज झाला. त्याने पुन्हा पाय उचलला, तशी मी तिच्यावर पालथी पडले. मग तो माझ्यावरच तुटून पडला. पायात बूट होते. दमला तेव्हा थांबला, आणि शांतपणे पाणी प्यायला गेला.

काल इथे हॉस्पिटलात आला होता. स्टुलावरून पडले असं सांग म्हणाला, माझ्या पायांवर डोकं ठेवून रडला. माझा हात त्याच्या केसांकडे गेलाच होता. तेवढ्यात पुटपुटला, की मी मध्ये पडले नसते तर नुसतं मांजरावरच निभावलं असतं. हात मागे घेतला.

नंतर पोलीसबाई आल्या. मारणारा कोण, विचारलं. माझा मुलगा, म्हटलं, आणि सगळं सांगितलं. संध्याकाळी त्याला घेऊन गेले. जबाब मी फिरवणार नाही, कुणी कितीही समजावलं तरी.

एवढं कर, त्याला तिथे जेवायला देतात का, विचारून मला कळव.

माया आहे तशीच असू दे.

तुझी आई